माणूस हरवलाय आणि सापडत नाहीये: सोलापूर जिल्ह्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझे मामा नोव्हेंबर २००९ मध्ये सकाळी चहा पिऊन कारखान्याला जातो म्हणून निघाले, ते कारखान्यात पोचलेच नाहीत आणि घरीपण आले नाहीत. यंत्रमागावर कामाला होते, सोलापूरच्या पूर्व भागात राहायचे. मध्यंतरी रेशनच्या ई-केवायसीला दुकानदाराने मामीला विचारलं, "यांचा अंगठा कधी आणताय?" मामी काही न बोलता कार्ड घेऊन परत आली.

मामांना शोधताना जे कळलं ते मी लोकांना सांगायला लागले, मग लोक नंबर शोधून विचारायला लागले. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकत्र लिहिलंय. मी पोलीस नाही, वकील नाही. पण एक गोष्ट मला पक्की कळलीय. पोलिसांकडे दोन वेगळ्या वह्या असतात, एकीत हरवलेली माणसं आणि दुसरीत अनोळखी सापडलेले मृतदेह. तुमचा माणूस एका ठाण्याच्या पहिल्या वहीत असतो आणि दोनशे किलोमीटरवरच्या दुसऱ्या ठाण्याच्या दुसऱ्या वहीत असू शकतो, आणि या दोन वह्या आपोआप एकमेकींना भेटत नाहीत, त्यांची गाठ घालून द्यावी लागते. खालची बहुतेक उत्तरं त्याबद्दलच आहेत.

१. तक्रार द्यायला २४ तास थांबावं लागतं म्हणतात, खरं का?

नाही. असा कुठलाही नियम नाही. सिनेमा बघून आणि एकमेकांना सांगून हे डोक्यात बसलंय. माणूस नेहमीच्या वेळेला आला नाही, फोन बंद, नातेवाइकांकडे नाही, एवढं झालं की लगेच जा, रात्रीचे दोन वाजले असले तरी जा. ठाणं चोवीस तास उघडं असतं. पहिल्या काही तासांत सीसीटीव्ही, फोनचं लोकेशन, एसटी स्टँडवरचे रिक्षावाले, सगळं ताजं असतं. बऱ्याच दुकानांचं फुटेज थोड्या दिवसांत आपोआप पुसलं जातं, त्यामुळे थांबाल तेवढं हातचं जातं.

२. कुठल्या ठाण्यात जायचं? आम्ही राहतो जोडभावीला, माणूस हरवला पंढरपुरात.

शहरात पोलीस आयुक्तालय आहे आणि सात ठाणी: फौजदार चावडी, जेल रोड, जोडभावी पेठ, सदर बझार, सलगर वस्ती, विजापूर नाका, एमआयडीसी. पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट, मोहोळ हे सगळं ग्रामीणच्या अधीक्षकांकडे येतं. साधारण माणूस जिथून हरवला त्या हद्दीत नोंद होते, पण म्हणून तुम्हाला लगेच पंढरपूर गाठायची गरज नाही, जवळच्या ठाण्यात जा. गुन्हा घडल्याचा संशय असेल तर हद्द कुठलीही असली तरी तक्रार घ्यावी लागते, त्याला झिरो एफआयआर म्हणतात, नंतर ते कागद त्या ठाण्याला पाठवतात. रेल्वेचं वेगळं आहे, प्रश्न ८ बघा.

३. ठाण्यात जाताना काय न्यायचं आणि वर्णन काय सांगायचं?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि नेमका इथेच सगळे गडबडतात, आम्हीपण गडबडलो.

मामांच्या पहिल्या नोंदीत काय लिहिलं होतं माहितेय? "रंग सावळा, बांधा मध्यम, अंगात शर्ट-पँट, पायात चप्पल." सोलापुरात या वर्णनाची लाखभर माणसं निघतील. लिहून घेणारा घाईत होता आणि आम्ही रडत होतो. त्यांच्या उजव्या मनगटावर गोंदलेलं "श्री" होतं ते कुणी सांगितलंच नाही. एका वर्षाने मामीने कपाट आवरताना त्याच कापडातला दुसरा शर्ट काढला, फिकट निळा, बारीक रेघांचा, कॉलरच्या आत अशोक चौकाजवळच्या टेलरचं लेबल, लाल दोऱ्याने शिवलेलं. त्या सकाळी मामांच्या अंगावर याचाच जोडीदार होता. ते लेबल पहिल्या दिवशी नोंदीत असतं तर कुठल्याही ठाण्याला एका नजरेत कळलं असतं की हा माणूस सोलापूरचा आहे.

म्हणून घरातून निघायच्या आधी एका कागदावर सावकाश लिहा. दोन फोटो, एक समोरून चेहऱ्याचा आणि एक उभा पूर्ण अंगाचा, अलीकडचे, फिल्टर न लावलेले. गोंदण कुठे आहे, काय आहे, कुठल्या लिपीत आहे (आपल्याकडे तेलुगू आणि कन्नड नावं गोंदलेली असतात, ते जरूर सांगा). तीळ, जखमेचे व्रण, ऑपरेशनचे टाके, हाडात रॉड किंवा प्लेट बसवलीय का. दात पडलेत का, कवळी आहे का, मिश्रीने काळे झालेत का. टेलरचं लेबल, चपलेचा नंबर, घड्याळ, करदोडा, ताईत, माळ. कुठली गोळी रोज लागते. कुठल्या भाषा बोलतो. शेवटचं कुणाशी काय बोलला. डॉक्टरांचे जुने कागद आणि एक्स-रे असतील तर फेकू नका, नीट ठेवा, कारण प्रश्न १२.

नोंद झाल्यावर मिसिंग रजिस्टरचा नंबर, तारीख आणि तपास कुणाकडे दिलाय त्यांचं नाव लिहून घ्या आणि लिहिलेलं वर्णन वाचून बघितल्याशिवाय सही करू नका. काही राहिलं असेल तर दुसऱ्या दिवशी जाऊन पुरवणी जबाब देता येतो, लाजायचं काही कारण नाही.

४. ठाण्यात "येईल की, दोन दिवस वाट बघा" म्हणून परत पाठवलं. आता?

आधी तिथल्याच मोठ्या साहेबांना भेटा, म्हणजे ठाण्याचे प्रभारी. नाही ऐकलं तर अर्ज लेखी करा, दोन प्रती, एकीवर पोच घ्या. शहरात आयुक्तांकडे, ग्रामीणला पोलीस अधीक्षकांकडे तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने किंवा ईमेलने पाठवता येतो. ११२ वर फोन केला तर त्याचीही नोंद राहते. भांडू नका, आवाज चढवू नका, पण उठूनही येऊ नका. आम्हाला एका ठाण्यात तीन वेळा परत पाठवलं होतं, चौथ्या वेळी मामी बाकावर बसून राहिली दुपारपर्यंत, तेव्हा नोंद झाली.

५. मिसिंग आणि एफआयआर यात फरक काय?

मिसिंग म्हणजे माणूस बेपत्ता असल्याची नोंद. एफआयआर म्हणजे गुन्ह्याची नोंद. मोठा माणूस नुसता निघून गेला तर तो गुन्हा नसतो म्हणून फक्त मिसिंग होते. पळवून नेल्याचा, घातपाताचा, पैशाच्या व्यवहारातून काही केल्याचा संशय असेल तर तो संशय जबाबात स्पष्ट लिहून द्या, नावानिशी, नुसतं तोंडी सांगू नका. १८ च्या खालच्या मुलांचं पूर्ण वेगळं आहे, ते पुढच्या प्रश्नात.

६. लेकरू हरवलंय, बारा वर्षांचं. पोलीस म्हणाले रागाने गेलं असेल.

रागाने गेलेलं असो नाहीतर कसंही, मूल १८ च्या आतलं असेल तर थेट एफआयआर करायचा. बचपन बचाओ आंदोलनच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने मे २०१३ मध्ये सांगितलं की हरवलेल्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत अपहरण किंवा तस्करी झालीय असं धरूनच तपास सुरू करायचा. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ३६३ लागायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १३७(२) लागतं. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडे द्यायचा असतो, तो दिला का हे तुम्ही विचारू शकता, विचाराच.

१०९८ हा मुलांचा हेल्पलाइन नंबर पाठ ठेवा. सापडलेलं मूल २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे नेतात, आणि समिती कधी कधी त्याला काही दिवस बालगृहात ठेवते. ते मूल आपल्याला का देत नाहीत म्हणून आईबाप घाबरतात, पण समिती घरची खात्री करत असते. आधार, जन्मदाखला, शाळेचा बोनाफाईड घेऊन जा.

७. आषाढीला आजी वारीत चुकल्या. एवढ्या गर्दीत कुठे बघणार?

वारीत चुकलेली माणसं बहुतेक त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी सापडतात, म्हणून आधी शांत व्हा. पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटात, ६५ एकर म्हणतात त्या तळावर, मंदिराच्या बाजूला पोलिसांचे मदत कक्ष असतात आणि स्पीकरवरून पुकारा चालू असतो. पुकाऱ्यात नुसतं "आजी हरवल्या" उपयोगाचं नाही. गावाचं नाव, तालुका, आणि दिंडी नंबर रथापुढचा का रथामागचा हे सांगा, कारण म्हातारी माणसं फोन नंबर विसरतात पण दिंडी विसरत नाहीत. दिंडीच्या मुक्कामाच्या जागी घरातला एक माणूस बसवून ठेवा, सगळेच शोधायला पळू नका.

पुढच्या वेळी पोलक्याच्या आतल्या बाजूला कापडी पट्टीवर नाव, गाव, दोन फोन नंबर लिहून शिवून टाका, मार्करने, धुतल्यावर जाणार नाही अशा. चिठ्ठी पावसात भिजते, पिशवी चोरीला जाते. सोलापूरच्या गड्डा यात्रेला लहान मुलांसाठीपण हेच करा.

नदीकाठी शेवटचं दिसलेलं माणूस असेल तर एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, अवघड आहे तरी. भीमा पंढरपुरावरून मंगळवेढ्याकडे आणि पुढे कर्नाटकात जाते. पाणी सोडलेलं असेल तर खालच्या तालुक्यांतल्या आणि पलीकडच्या विजयपूर, कलबुर्गी जिल्ह्यांतल्या काठावरच्या ठाण्यांना वर्णन कळवावं लागतं, फक्त पंढरपुरात विचारून भागत नाही.

८. रेल्वेत बसून गेला असं कुणीतरी सांगितलं, पण कुठे उतरला माहीत नाही.

सोलापूर स्टेशनवर लोहमार्ग पोलिसांचं ठाणं वेगळं आहे, आणि आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल) वेगळं. दोन्हीकडे फोटो द्या. रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनवर कळवता येतं. आपल्या स्टेशनवरून गाड्या पुणे-मुंबईला, हैदराबादला आणि बेंगळुरू-चेन्नईला जातात, त्यामुळे कुठल्या दिशेला गेला एवढं जरी प्लॅटफॉर्मच्या फुटेजवरून कळलं तरी शोध निम्म्यावर येतो. मग त्या मार्गावरची मोठी जंक्शनं धरा, इकडे कुर्डुवाडी-दौंड, तिकडे होटगी, वाडी, गुंतकल. रुळांजवळ सापडलेले अनोळखी मृतदेह बऱ्याचदा रेल्वे पोलिसांच्या वहीत असतात आणि गावच्या ठाण्याला त्याचा पत्ता नसतो, म्हणून ही तिसरी वही विसरू नका.

९. बहीण वीस वर्षांची आहे, पोलिसांना सापडली पण पत्ता सांगत नाहीत. हे बरोबर आहे का?

हो, बरोबर आहे, कितीही त्रास झाला तरी. १८ पूर्ण झालेलं माणूस स्वतःच्या मर्जीने कुठे राहायचं ते ठरवू शकतं. पोलीस तिचा जबाब घेतात, ती सुखरूप आहे, दबाव नाही याची खात्री करतात आणि मिसिंग बंद करतात. ती नको म्हणाली तर पत्ता देत नाहीत. ती जिवंत आहे एवढं तुम्हाला कळतं, आणि माझ्या मामीला विचारा ते किती मोठं आहे. निरोप द्यायचा असेल तर तपास अधिकाऱ्यांकडे चिठ्ठी द्या, बऱ्याचदा पोचवतात. चिठ्ठीत धमकी नको, "तुझं सामान नीट ठेवलंय, कधी वाटलं तर फोन कर" इतकंच.

१०. वडिलांना विसरायचा आजार आहे / भावाच्या डोक्यावर परिणाम झालाय. अशी माणसं कुठे जातात?

जुन्या ओळखीच्या जागी जातात. लहानपणीचं गाव, जुनी गिरणी, बंद झालेला कारखाना. त्यामुळे आधी तिथे बघा, मग देवस्थानं: अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, गाणगापूर. तिथे फुकट जेवण मिळतं आणि कुणी हटकत नाही. गाणगापूर कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यात येतं, तिथले पोलीस कन्नडमध्ये लिहितात, म्हणून वर्णन आणि पत्रक कन्नडमध्ये करून न्या, आपल्याकडे कन्नड येणारी माणसं घरोघरी आहेत. तिथल्या मठांत, अन्नछत्रात वाढणाऱ्या माणसांना फोटो दाखवा. रोज तीच माणसं बघतात सगळ्यांना.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम १०० आहे. भटकणारं मनोरुग्ण पोलिसांना दिसलं तर त्याला कोठडीत टाकायचं नाही, २४ तासांत सरकारी दवाखान्यात न्यायचं, आणि बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा ही ठाण्याची जबाबदारी आहे. म्हणजे त्याची नोंद दुसऱ्या राज्यातपण असू शकते. रायगड जिल्ह्यातल्या कर्जतची श्रद्धा फाउंडेशन ही संस्था रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवते, डॉ. भरत वाटवानींना त्यासाठी २०१८ चा मॅगसेसे मिळाला. बरं झाल्यावर माणूस स्वतःच गाव सांगतो, कधी कधी दहा वर्षांनी. एल्डरलाइनचा नंबर १४५६७, म्हाताऱ्या माणसांसाठी.

११. अनोळखी मृतदेह सापडला की पोलीस नक्की काय करतात?

अकस्मात मयत म्हणून नोंद होते, इन्क्वेस्ट पंचनामा होतो, फोटो घेतात, बोटांचे ठसे घेतात, पीएम म्हणजे शवविच्छेदन होतं, कपडे आणि अंगावरच्या वस्तू जपून ठेवतात, डीएनएसाठी नमुना ठेवतात. सोलापुरात बहुतेक वेळा मृतदेह सिव्हिलच्या शवागारात ठेवला जातो. आसपासच्या ठाण्यांना वर्णन कळवतात, शोधपत्रिका निघते, पेपरात फोटो येतो. ठरावीक दिवस वाट बघून कुणी आलं नाही तर अंत्यविधी करतात. शक्यतो दहन न करता दफन करतात, कारण पुढे कधी घरचे आले तर पुन्हा काढून तपासता यावं.

शवागारात फार दिवस ठेवत नाहीत, म्हणून कपडे आणि फोटोंचा अल्बम बघायला मागा, तो मृतदेहापेक्षा जास्त दिवस टिकतो. पोलिसांच्या वेबसाइटवर बेपत्ता माणसांचं आणि अनोळखी मृतदेहांचं पान असतं, पण तिथे सगळं चढवलेलं असेलच असं धरू नका.

१२. चेहरा ओळखू येण्यासारखा नव्हता. तरी ओळख पटते का?

पटते, आणि खरं सांगायचं तर नातेवाइकांनी नुसता चेहरा बघून दिलेल्या ओळखीवर फार भरवसा ठेवूच नये. दुःखात माणूस "हो, आमचाच" म्हणतो, किंवा उलट, समोर असून "नाही" म्हणतो. मी एकदा एका आईसोबत शवागारात गेले होते, त्यांनी चेहरा बघितलाच नाही, सरळ डाव्या पायाची करंगळी बघितली आणि बाहेर आल्या. "माझा नाही. त्याची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली आहे."

अशाच खुणा लागतात. दात, कवळी, जुनं फ्रॅक्चर (इथे तुमचे जुने एक्स-रे उपयोगी), हाडातली प्लेट, कारण प्लेटवर बऱ्याचदा कंपनीचा आणि लॉटचा नंबर असतो. कवटी आणि जुना फोटो एकावर एक ठेवून जुळवायचीपण पद्धत आहे. शेवटची पक्की खात्री डीएनएने.

१३. डीएनए कुणाचा घेतात? पैसे लागतात का? आणि जुळला नाही तर?

आई, वडील आणि मुलं सगळ्यात चांगली. भाऊ-बहीण चालतात पण निकाल तेवढा ठाम येत नाही. आईकडचा डीएनएचा एक भाग लेकरांना जसाच्या तसा येतो, म्हणून नुसती हाडं उरली असतील तर आई, मामा, मावशी, सख्खी बहीण कामाला येतात. चाचणी पोलिसांमार्फत सरकारी प्रयोगशाळेत होते, त्याचे पैसे तुमच्याकडून घेत नाहीत, पण वेळ लागतो, महिने लागू शकतात.

एक मोठी अडचण. हरवलेल्यांच्या नातेवाइकांचे डीएनए आणि अनोळखी मृतदेहांचे डीएनए एकत्र ठेवून जुळवणारी देशव्यापी यंत्रणा आपल्याकडे नाही. त्यासाठीचं विधेयक होतं, ते जुलै २०२३ मध्ये लोकसभेतून मागे घेतलं. म्हणजे आज डीएनए तेव्हाच जुळवतात जेव्हा कुणीतरी म्हणतं की हा अमुक असावा. दोन वह्यांचं मी म्हणते ते हेच.

जुळला नाही म्हणजे शोध संपला असं नाही, फक्त तो मृतदेह तुमच्या माणसाचा नाही. मूकबधिर गीता २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये पाकिस्तानातून परत आली तेव्हा कितीतरी कुटुंबं आमची मुलगी म्हणून पुढे आली आणि डीएनए जुळले नाहीत. पुढे काही वर्षांनी धागा परभणीकडे लागला. आईवडील म्हातारे असतील तर त्यांचा नमुना घेऊन ठेवा म्हणून तपास अधिकाऱ्यांना आत्ताच लेखी विनंती करा. आमची आजी गेली, तिचा नमुना घ्यायचा राहिला, ते आता भरून येत नाही.

१४. सगळ्यांचं आधार आहे, मग मृतदेहाचा अंगठा लावून नाव का काढत नाहीत?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि रागाने येतो. आधारची यंत्रणा "हा नंबर या माणसाचाच आहे का" एवढं तपासायला केलीय, "हा अंगठा कोट्यवधींतल्या कुणाचा" हे शोधून पोलिसांना सांगायला नाही, आणि बोटांचे ठसे-बुबुळं कुणालाही द्यायला आधार कायद्यातच बंदी आहे. पोलिसांकडे स्वतःचा ठशांचा साठा आहे, देशाचा नाफिस आणि महाराष्ट्राचा ॲम्बिस, पण त्यात मुख्यतः अटक झालेल्यांचे ठसे असतात. सरळमार्गी माणूस त्यात सापडत नाही.

जिवंत माणसाचं मात्र वेगळं होतं. आश्रमातल्या मुलाचं किंवा मनोरुग्णाचं नवीन आधार काढायला गेलं की "आधीच आहे" म्हणून अर्ज फेटाळला जातो, आणि त्या धाग्यावरून घर सापडल्याच्या घटना घडल्यात. म्हणून माणूस हरवला तरी त्याचं आधार आणि त्याला जोडलेला मोबाइल नंबर बंद करू नका, सिम चालू ठेवा.

१५. पत्रक आणि व्हॉट्सॲप मेसेजमध्ये काय लिहायचं?

तारीख वर्षासकट, ठिकाण, फोटो, उंची, कपडे, दोन ठळक खुणा, ठाण्याचं नाव आणि मिसिंग नंबर, दोन फोन नंबर. "कृपया जास्तीत जास्त शेअर करा" याने भरू नका. एक-दोन खुणा मुद्दाम लिहू नका, पोलिसांना सांगा पण पत्रकात नको, त्याचं कारण पुढच्या प्रश्नात. सापडल्यावर "सापडले" असं त्याच मेसेजवर लिहून परत पाठवा, नाहीतर पाच वर्षांनी तोच फोटो फिरत राहतो.

मूल सापडलं आणि प्रकरणात लैंगिक अत्याचाराची बाजू निघाली तर त्याच क्षणी फोटो-नाव सगळीकडून काढा. पोक्सोमध्ये मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे, तुमची जुनी पोस्टसुद्धा.

१६. फोन आला, "तुमचा माणूस आमच्याकडे आहे, गाडीभाड्याचे पाच हजार टाका." टाकू का?

टाकू नका. पत्रक लावलं की असे फोन येतातच, आम्हाला वर्षभर येत होते. पत्रकात न लिहिलेली खूण विचारा, व्हिडिओ कॉल मागा, तिथल्या ठाण्यात त्याला घेऊन जा म्हणा, आम्ही ठाण्यात येतो. खरा माणूस ऐकतो, खोटा फोन कापतो. नंबर पोलिसांना द्या. पण प्रत्येक फोन घ्या, एकही खोटाच असेल म्हणून कापू नका.

१७. देवऋषीने सांगितलं पूर्वेला पाण्याजवळ आहे. बघावं का?

तुमचं मन मी समजू शकते, मामीने तीन ठिकाणी विचारून झालं. तिघांनी तीन दिशा सांगितल्या आणि आम्ही तिन्ही दिशांना गेलो, पैसे गेले आणि पहिले दोन महिने गेले, ते जास्त लागलं. आधी या कागदातलं सगळं करा. पैसे उकळून माणूस आणून देतो म्हणत असेल, विधी सांगून घाबरवत असेल, तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार होऊ शकते.

१८. सात वर्षं झाली की मयत धरतात ना? दाखला कुठे मिळतो?

आपोआप धरत नाहीत. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १११ मध्ये (जुनं १०८) असं आहे की ज्यांना त्याची खबर सहज मिळायला हवी होती अशा लोकांनी सात वर्षं त्याच्याबद्दल काही ऐकलं नसेल, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करायची जबाबदारी जिवंत आहे म्हणणाऱ्यावर. त्यासाठी दिवाणी न्यायालयात दावा करून हुकूम घ्यावा लागतो, आणि तो हुकूम दाखवल्यावर महापालिका किंवा ग्रामपंचायत मृत्यूची नोंद करते. लागतं काय: मिसिंगच्या नोंदीची नक्कल, "शोध घेऊन मिळून आला नाही" असं पोलिसांचं पत्र, पेपरातली जाहिरात, नातेवाइकांचे जबाब. ज्यांनी मिसिंग केलीच नव्हती त्यांची इथे फार अडचण होते, सात वर्षं कुठून मोजायची हेच सिद्ध करता येत नाही. उशिरा का होईना, आज नोंद करा.

केंद्र सरकारच्या नोकरीतला असेल, आपल्याकडे रेल्वेची पुष्कळ माणसं आहेत, तर फॅमिली पेन्शनसाठी सात वर्षं थांबायचं नसतं, पोलिसांत नोंद झाल्यापासून सहा महिन्यांनी अर्ज करता येतो, हमीपत्र लिहून द्यावं लागतं.

१९. त्यांची एलआयसी आहे. हप्ते भरत राहायचे का?

भरत राहा, जमेल तसं, कर्ज काढून नको पण बंद पडू देऊ नका. २००४ च्या एलआयसी विरुद्ध अनुराधा या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की सात वर्षांचं गृहीतक मृत्यू झालाय एवढंच सांगतं, कधी झाला ते सांगत नाही. म्हणजे "ते हरवले त्याच दिवशी गेले" असं आपण धरू शकत नाही, आणि मधल्या काळात पॉलिसी बंद पडली असेल तर क्लेम अडकतो.

२०. सासू म्हणते कुंकू पुसू नको, भाऊ म्हणतो दुसरं लग्न कर. मी काय करू?

कायद्याचं सांगते. हिंदू विवाह कायद्यात सात वर्षं नवऱ्याची खबर नसेल तर घटस्फोट मागता येतो. मुस्लिम बहिणींसाठी १९३९ चा कायदा आहे, त्यात चार वर्षं पुरतात, मात्र हुकूम झाल्यावर सहा महिने थांबावं लागतं, त्या काळात नवरा परत आला तर तो हुकूम रद्द होऊ शकतो. हुकूम घेतल्याशिवाय लग्न करू नका, पुढे तुम्हालाच त्रास.

धर्माचं म्हणाल तर बारा वर्षं वाट बघून पालाशविधी करायची रीत काही घरांत आहे, पळसाच्या पानांचा पुतळा करून. करायचा का नाही हे फक्त तुम्ही ठरवायचं, बारा वर्षांनी कुणी जबरदस्ती करत असेल तर नाही म्हणा. मामी अजून कुंकू लावते. शेजारची एक बाई, तिनं चौथ्या वर्षी लावणं सोडलं. दोघींनाही कुणी काही बोलू नये.

२१. इतकी जुनी प्रकरणं कधी सुटतात का?

सुटतात. ऑस्ट्रेलियात ॲडलेडजवळ सॉमर्टन बीचवर १ डिसेंबर १९४८ ला एक माणूस मेलेला सापडला, कपड्यांची लेबलं काढलेली, खिशात फारसीतले दोन शब्द छापलेला कागदाचा तुकडा. सत्तर वर्षं नाव नाही. तेव्हा त्याच्या चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा घेतला होता आणि साच्यात त्याचे केस अडकून राहिले होते, त्या केसांच्या डीएनएवरून डेरेक ॲबट या प्राध्यापकांनी जुलै २०२२ मध्ये सांगितलं की तो मेलबर्नचा कार्ल वेब. अमेरिकेत फिलाडेल्फियात फेब्रुवारी १९५७ मध्ये खोक्यात सापडलेल्या लहान मुलाला डिसेंबर २०२२ मध्ये नाव मिळालं. नॉर्वेत बर्गनजवळ नोव्हेंबर १९७० मध्ये सापडलेल्या बाईचं नाव मात्र अजून कळलेलं नाही, तिच्याही कपड्यांची लेबलं कापलेली होती. त्या दोन्ही प्रकरणांत लेबलं कुणीतरी मुद्दाम काढली. आपल्याकडे लेबल जागेवर असतं आणि ते कुणी लिहून घेत नाही.

२२. वर्ष झालं, ठाण्यातून काहीच कळवत नाहीत. हायकोर्टात जाता येतं का?

आधी माहिती अधिकारात विचारा: शोधपत्रिका कधी काढली, किती ठाण्यांना पाठवली, सीसीटीव्ही आणि कॉल रेकॉर्ड घेतले का. नुसत्या विचारण्याने फाइल हलते. कुणीतरी डांबून ठेवलंय असा ठोस संशय असेल तर हेबियस कॉर्पस, म्हणजे डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा असा अर्ज, हायकोर्टात करता येतो. त्यासाठी आता मुंबईला जायला नको, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि सोलापूर त्यात येतं. पण कुणी डांबल्याचा काहीच पुरावा नसेल तर नुसत्या बेपत्ता माणसासाठी हा अर्ज बहुतेक टिकत नाही, वकिलांनी फी घ्यायच्या आधी हे सांगायला हवं. फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, महिलांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

२३. मिसिंग जुनी झाली की बंद करतात का? आम्ही दरवर्षी काय करावं?

माणूस सापडेपर्यंत किंवा ओळख पटेपर्यंत नोंद राहते, पण अधिकारी बदलत राहतात आणि नवीन माणसाला तुमची फाइल माहीत नसते. म्हणून वर्षातून एकदा जाऊन आत्ता तपास कुणाकडे आहे ते विचारा, फोटोची नवीन प्रत द्या, तुमचा फोन नंबर बदलला असेल तर लिहून द्या. हे फार लोक विसरतात, माणूस सापडतो आणि घरचा नंबर बंद असतो. आम्ही नोव्हेंबरमध्ये जातो. मागच्या वेळी नवीन आलेल्या मॅडमनी पुरवणी जबाबात "श्री" गोंदलेलं आणि लाल दोऱ्याचं लेबल दोन्ही लिहून घेतलं, लेबलाचा फोटो काढला, आणि तो नदीकाठच्या ठाण्यांना आणि लोहमार्गला पाठवला. मामीने शर्ट परत घडी करून पिशवीत घातला.